मुठीतल्या भट्ट्या

भीमराजच्या हातून सांडशी निसटली आणि तापलेला लालभडक जॉब, घडवायचा लोखंडी तुकडा, फरशीवर आपटला. कुणाला लागलं नाही. पण सुपरवायझर यशवंतराव सगळ्या शॉपदेखत खदाखदा हसला. "अण्णा, तुमचं इंजिन बसलं!" निघोज्याच्या त्या फोर्जिंग कंपनीत उभी हयात हातोड्यावर काढलेल्या माणसाला त्यानं गेटजवळ, पंख्याखाली नेऊन बसवलं. वार्षिक मेडिकलला मूठ दाबायचं यंत्र असतं. त्यात नापास झाला की घरी. भीमराजच्या जागेवर यशवंतरावाला आपला मेव्हणा चिकटवायचा होता.

फिजिओथेरपी शिकणाऱ्या दीक्षानं बापाचा दंड चाचपला. "बाबा, स्नायूंच्या पेशीत बारक्या भट्ट्या असतात. मायटोकॉन्ड्रिया. वयानुसार त्या कमी होतात, उरलेल्या नीट पेटत नाहीत. वर मोडक्या वेळेवर भंगारात जात नाहीत, तिथंच धूर करत पडतात."

"म्हंजी आमच्या कंपनीवानीच. मोडका सुपरवायझर काढतंय कोण?"

ती हसली. "बसून राहिलात तर आणखी विझतील. काम दिलंत तर शरीर मोडक्या काढतं, नव्या बांधतं. विशीतले नाही होणार तुम्ही, पण ताकद येईल."

भीमराजनं राग कामाला जुंपला. पहाटे वाळूची गोणी खांद्यावर मारून टेकडी चढायचा, मग दोन्ही पंजांत विटा आवळून उभा राहायचा. प्रत्येक विटेच्या जागी त्याला यशवंतरावाचा गळा दिसायचा.

मेडिकलच्या दिवशी त्यानं यंत्र असं दाबलं, की नर्सबाई म्हणाली, "अरे वा, काका! पास!"

"यंत्र बिघडलंय!" यशवंतराव तडकला. "आणा इकडं, दाखवतो."

भर रांगेसमोर त्यानं मूठ आवळली. गाडीतून उतरून खुर्चीत बसणारी, चाळिशीतली गुबगुबीत मूठ. काटा अर्ध्यातच अडला. पुन्हा दाबलं, तर त्याहून खाली. मागून शिट्टी आली.

"तुमचीच फेरतपासणी लावते, सर," नर्सबाई म्हणाली.

भीमराज हातोड्यावर परतला. आठवड्याभरात यशवंतराव हात धुवायच्या नळापाशी घुटमळला. "अण्णा, राव, काय केलंत ते सांगा की. माझी नोकरी जाईल हो."

भीमराजनं त्याच्याकडं नीट बघितलं. खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं.

"सोपं हाय, साहेब," तो मायेनं म्हणाला. "जिना चढू नका. काही उचलू नका. तपासणीपतुर नुसतं पडून ऱ्हावा. ताकद साठती."

"खरंच?"

"बाबासाहेबांची आण घेत न्हाई, पण करून तर बघा."

यशवंतरावानं हात जोडले. भीमराजनंही जोडले, आणि हसू आवरत भट्टीकडं निघाला.