तपासनिसांचा पासवर्ड

घरातलं इंटरनेट बंद पडलं की माणसं आधी राऊटरला शिव्या घालतात, मग कंपनीला. तपासनीस त्या सकाळी कुणालाच काही बोलत नव्हते. वर्तमानपत्राचं एकच पान ते पाऊण तास वाचत बसले होते.

तीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासलेला हा माणूस. नोकरीतून निवृत्त झाला, पण सवय काही निवृत्त झाली नाही.

"बाबा, अकराला माझी मुलाखत आहे आणि नेट मेलंय!" मुलगी खोलीतून ओरडली. "कॉम्प्युटर साफ करायला घेतला, तर आत हेर प्रोग्रॅम सापडला. माझं अक्षर न् अक्षर कुणीतरी वाचत होतं! तो काढला आणि तेव्हापासून हे असं."

तपासनिसांनी वर्तमानपत्र तोंडासमोर आणखी वर धरलं.

पुलांचे आराखडे काढणारी ही त्यांची एकुलती एक लेक. दोन ठिकाणी नकार पचवून झाले होते, ही तिसरी संधी. चाचणी याच कॉम्प्युटरवर द्यायची होती, फोनवर ते आराखडे उघडतच नव्हते.

मुलीनं फोन केला तशा खालच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाई धावत वर आल्या. त्यांनी वायर पाहिली, राऊटर बंद-चालू केला, सेटिंग उघडली आणि हात थांबवला.

"हेर गेला, पण त्याचा हुकूम मागे राहिलाय. सगळी ये-जा त्याच्याच चौकीतून व्हायची. आता चौकीच नाही, म्हणून सगळं अडलंय. सेटिंगमधली एक खूण काढली की रस्ता मोकळा. पण तिला पासवर्ड लावलाय, आणि तो कुणीतरी याच खुर्चीत बसून लावलाय. मोडून काढायला दुपार होईल."

साडेदहा वाजून गेले होते.

"या खुर्चीत माझ्याशिवाय फक्त माझी मैत्रीण बसते," मुलगी म्हणाली. "शाळेपासूनची मैत्री! आता विचारतेच तिला." तिनं फोन लावला.

दोन महिन्यांपूर्वी लेक बाहेर गेलेली बघून तपासनिसांनी फुकटात मिळणारा तो प्रोग्रॅम बसवला होता. ती दार लावून बोलायची, विचारलं तर "काही नाही" म्हणायची. वाचून हाती काय लागलं? मैत्रिणीला लिहिलेलं एक वाक्य, 'या वेळीही नाही जमलं तर बाबांना तोंड कसं दाखवू?' वाचून बापाचं काळीज हललं. पण जवळ घेऊन धीर देणार कसा? विचारलं असतं, तर वाचलेलं उघडं पडलं असतं!

फोनची रिंग वाजत होती. बाईंनी तपासनिसांकडे पाहिलं, तशी त्यांनी नजर खिडकीबाहेर वळवली. आणि त्यांच्या अंगावर काटाच आला. बिनतिकिटाचा प्रवासी तपासनीस दिसला की असाच खिडकीबाहेर बघतो! याच एका खुणेवर त्यांनी जन्मभर माणसं पकडली होती.

"फोन ठेव!" ते ओरडले. "तिनं नाही केलं. मी केलं. सात चार एक सहा."

मुलीनं फोन ठेवला. तो त्यांच्या बिल्ल्याचा नंबर होता. लहानपणी दर रविवारी तीच तो बिल्ला घासून लख्ख करायची.

"तुम्ही, बाबा?" एवढंच ती म्हणाली.

"काळजीपोटी गं..."

"काका," बाई नंबर टाकता टाकता म्हणाल्या, "हा फुकटचा हेर तुम्हाला दाखवायचा ते सगळं कुणा परक्यालाही पाठवत होता. भिंतीला भोक पाडलं की ते आपल्या एकट्याच्या डोळ्यापुरतं राहत नाही. काळजी वाटली तर दार वाजवावं!"

कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

दहा एक्कावन्नला नेट सुरू झालं. बाईंनी नवा पासवर्ड टाकायला सांगितला. मुलीनं बोटं ठेवली आणि बापाकडे पाहिलं. बाप भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मग तिच्या खोलीचं दार लागलं. साडेबारा वाजले तरी उघडलं नाही. तपासनिसांनी दारावर टकटक केली.

"कोण?" आतून आवाज आला. घरात माणसं दोनच, तरीही!

"मी. येऊ का?"

"थांबा."

ते थांबले. मंडळी, आपल्यापैकी किती जणांना असं थांबता येतं? मुलांवर पाळत ठेवणं म्हणजे माया नव्हे. आपल्याला त्यांच्या मनातलं कळतं खरं, पण त्यांना ते आपल्याला सांगावंसं वाटणं मात्र संपतं.

वीस मिनिटांनी दार उघडलं. तपासनीस तिथंच उभे होते.

"पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय," मुलगी म्हणाली. तिचे डोळे लाल होते. "हे मी तुम्हाला सांगतेय, बाबा. तुम्ही वाचलेलं नाही."