बर्फाच्या कप्प्यातलं दूध

फ्रीज दुरुस्त करणाऱ्याच्या घरचा फ्रीज कसा असतो, हे ज्याला पाहायचं असेल त्याने मेकॅनिकच्या घरी जावं. खाली दुकान, वर घर, मध्ये एक कुरकुरणारा जिना. गिऱ्हाइकाला एखादा सुटा भाग तातडीने हवा असला आणि दुकानात नसला, की मेकॅनिक जिना चढायचा आणि घरच्या फ्रीजचा काढून आणायचा. दाराची मूठ अशीच गेली. आतला दिवा गेला. भाजीच्या कप्प्याचं झाकण तर आता कोणत्या घरी नांदतंय, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी बाजारातून नवा भाग आणून बसवायचा असा शिरस्ता होता. ती संध्याकाळ कधी त्याच दिवशी यायची, कधी आठवड्याने.

"आमचा फ्रीज नाही हो तो, रक्तपेढी आहे," असं मेकॅनिकची बायको म्हणायची.

ती दुकानात फोनवर बसायची. "गार होत नाही" अशी तक्रार आली की "प्लग लावलाय का?" असं इतक्या गोड आवाजात विचारायची, की निम्मे लोक प्लग लावून, लाजून, फोन ठेवून द्यायचे. हिच्या गोडव्यापायी माझा निम्मा धंदा बुडतो, अशी मेकॅनिकची तक्रार होती. पण नडलेल्या माणसाला ती कधी 'नाही' म्हणायची नाही. "घरचा काढून द्या ना," हे वाक्य त्या घरात त्याच्याइतकंच तिच्याही तोंडात बसलेलं होतं.

दुसऱ्यांदा दिवस भरत आले, तेव्हा तिने त्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यावर हक्क सांगितला.

त्यामागे थोरलीची कहाणी होती. थोरली आता शाळेत जाते आणि पाठ केलेली कविता ऐकवून पाहुण्यांना घालवून देते. पण ती जन्मली तेव्हा आईला दूधच आलं नव्हतं. आज येईल, उद्या येईल, अशी वाट पाहण्यात पोर पिवळी पडली, मग रडून रडून थकली, मग गप्प झाली. गप्प झाली म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. "गुणी आहे हो," असं भेटायला येणारे म्हणाले. त्या गुणी पोरीला शेवटी दवाखान्यात परत न्यावं लागलं. तिथे बाटली मिळाली, पोर वाचली, गाल वर आले. मात्र बाटलीची सवय लागल्यावर तिने आईकडे ढुंकूनही पाहिलं नाही. छातीशी धरलं की पाठ ताठ करून किंचाळायची. पुढे दूध आलं, तेव्हा प्यायला कोणी नव्हतं. कपडे भिजायचे. मग तेही आटलं.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. घरात दूध सोडून बाकी सगळं ओसंडून वाहत होतं. "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही," सासूबाई म्हणाल्या होत्या. "मी तर शेजारणीचं पोरसुद्धा पाजलंय." बोलण्यात खोट नव्हती, आठवण आली म्हणून बोलल्या. पण तेव्हापासून सूनबाई आंघोळीला गेल्या की नळ पूर्ण सोडायच्या, आणि त्या आवाजात काय बुडवतात हे घरात कोणी विचारलं नाही.

या खेपेला दवाखान्यात अंगावर पाजायचं शिकवणाऱ्या एक सिस्टर होत्या. सगळे त्यांना दूधवाल्या सिस्टर म्हणायचे; त्यांनाही ते चालायचं.

"तुम्हाला साखर निघाली आहे," त्या म्हणाल्या. "आईला साखर असली की दूध कधीकधी उशिरा येतं. पहिल्या वेळीही असेल, कोणी तपासली नसेल. तुमचं काही चुकलं नव्हतं."

"परत सांगा," ती म्हणाली.

"साखर असली की—"

"ते नाही. शेवटचं."

सिस्टरांनी शेवटचं परत सांगितलं. मग युक्ती सांगितली. डॉक्टरांची संमती आहे, तर शेवटच्या आठवड्यांत हाताने हलकेच दाबून चिकाचे थेंब काढायचे, सुई नसलेल्या छोट्या सिरिंजमध्ये धरायचे आणि गोठवून ठेवायचे. बाळ जन्मल्यावर त्याची साखर खाली आली तर आधी ते द्यायचं. मग बाटलीची गरज बहुधा पडत नाही.

पहिल्या दिवशी एक थेंब आला. पिवळा, मधासारखा दाट. तिने तो उजेडात धरला आणि नवऱ्याला हाक मारली. मेकॅनिकने चष्मा लावून पाहिलं.

"एवढंच?"

"थेंबे थेंबे तळे साचे, अहो."

"तळ्याला मग वेळ आहे."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो जिना न कुरकुरता खाली गेला.

सासूबाईंना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. "पोर पोटात आणि दूध बाहेर! घर आहे की गोठा?" पण तळं साचू लागलं तशा त्या बदलल्या. कप्प्यातला बर्फाचा ट्रे त्यांनी आपल्या हाताने हद्दपार केला, आणि थोरलीने सरबतात बर्फ मागितला तर म्हणाल्या, "भावंडाचा डबा आहे तो, हात लावशील तर बघ." सूनबाईंनी ते जिन्यातून ऐकलं आणि त्या दिवशी आंघोळीला नळ थोडाच सोडला.

दिवस भरायला थोडा अवकाश होता. एका सकाळी फोन वाजला. कोपऱ्यावरचा आइस्क्रीमवाला होता, आणि रडकुंडीला आला होता. त्याची पेटी बंद पडली होती, आत कोणाच्या तरी पहिल्या वाढदिवसाचा केक होता, आणि केक खचू लागला होता.

मेकॅनिक जाऊन, तपासून, परत आला. "रिले गेलाय." रिले म्हणजे फ्रीजच्या कॉम्प्रेसरला सुरू होताना धक्का देणारा काड्यापेटीएवढा भाग. तो नसेल तर फ्रीज म्हणजे नुसतं कपाट. "दुकानात नाही. बाजारात जाऊन येईपर्यंत केकचं सार होईल."

ती दुसऱ्या फोनवर एका बाईंना प्लगबद्दल विचारत होती. तिने फोनवर हात ठेवला आणि वर न बघता म्हणाली, "घरचा काढून द्या ना."

त्याने काढून दिला. केक वाचला. इतकी वर्षं हे असंच चालत आलं होतं. दोघांपैकी एकाच्याही मनाला कप्पा शिवला नाही. संध्याकाळी बाजारात जायचंच होतं. पण दुपारीच कळा सुरू झाल्या, आणि मग बाजार, संध्याकाळ, रिले, सगळंच राहिलं.

सकाळी मुलगा झाला. वजनाने चांगला, आवाजाने त्याहून चांगला. पण टाच टोचून साखर पाहिली तर खाली आलेली. सिस्टरांनी त्याला आईच्या छातीशी धरलं, हाताने दाबूनही पाहिलं. पुसट ओल तेवढी आली, ती बोटाने त्याच्या जिभेला लावली.

"घाबरू नका, तुमचं तळं आहे ना," सिस्टर म्हणाल्या. "घेऊन या म्हणावं."

मेकॅनिक बर्फाची पेटी घेऊन धावला. इकडे बायको पडल्या पडल्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला सगळं सांगत होती: थेंब कसे काढायचे, कसे धरायचे, आधी एकच थेंब येतो पण धीर सोडायचा नाही. इतकं बोलताना सासूबाईंनी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

तो परत आला तेव्हा पेटी त्याच्या हातात होती, पण त्याने ती खाली ठेवली नाही. दाराशीच उभा राहिला.

"रिले," तो म्हणाला.

सासूबाईंना काही कळलं नाही. तिला कळलं.

"कालपासून बंदच होता. गरम झालंय सगळं आत. मी काढला होता. मीच. अक्कल गहाण टाकली होती."

सिस्टरांनी पेटी उघडली, एक सिरिंज हातात घेऊन पाहिली आणि मान हलवली. "नाही देता येणार हे." आणि डॉक्टरांकडे वळल्या, म्हणजे पावडरच्या दुधासाठी वळल्या.

मग सासूबाई सुटल्या. "गाढवा! जगाचे फ्रीज गार ठेवतोस आणि स्वतःच्या पोराचं दूध नासवलंस? केक वाचवलास, केक! त्या पोरीने थेंब थेंब जमवलं, मी बर्फाला हात लावू दिला नाही कुणाला, आणि तू—"

तो ऐकत होता. मान खाली घालून सगळं ऐकत होता. हे नवलच होतं. मेकॅनिक आईला उलट बोलल्याशिवाय कधी राहिला नव्हता. चूक असली तर जास्तच बोलायचा. ती त्याच्याकडे बघत राहिली. हा असा का उभा आहे? आणि मग तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, फोनवर हात ठेवून बोललेला, गोड, नेहमीचा.



"आई," ती म्हणाली, "त्यांना नका बोलू. मीच सांगितलं होतं."

"अगं, तू कळांत होतीस," तो घाईने म्हणाला. "कळांत माणूस काय—"

"तेव्हा कळा नव्हत्या हो."

"होत्या."

"नव्हत्या. माझ्या कळा तुम्ही सांगणार का मला?"

त्याने पेटी खाली ठेवली. सासूबाईंनी पदराने तोंड झाकून घेतलं. शेजारच्या खाटेवरची बाई भिंतीकडे तोंड करून झोपली होती, म्हणजे झोपल्याचं दाखवत होती.

"सिस्टर म्हणाल्या होत्या, माझं काही चुकलं नव्हतं," ती म्हणाली. "मागच्या वेळी नव्हतं चुकलं."

 

सिस्टर छोट्या वाटीत पावडरचं दूध घेऊन आल्या. बाटली नको, वाटीनेच देऊ, असं त्यांनी आपण होऊन सांगितलं. बाळ अधाशासारखं प्यायलं. चट् चट् आवाज करत, मुठी आवळून, नाकातून श्वास टाकत प्यायलं. त्याच्यासारखं सुखी त्या खोलीत कोणी नव्हतं. ती तो आवाज शेवटपर्यंत ऐकत राहिली, तोंड फिरवलं नाही.

"आता अंगावर घ्या," सिस्टर म्हणाल्या. "पोट भरलंय, तरी घ्या. दर वेळी घ्यायचं. ओढत राहिलं तर येईल."

"येईल?"

सिस्टर प्रामाणिक होत्या. "बघू," त्या म्हणाल्या.

तिने त्याला घेतलं. थोरलीसारखी पाठ ताठ करेल म्हणून तिने श्वास रोखून धरला होता. त्याने पाठ ताठ केली नाही. तोंड उघडलं, शोधलं, धरलं, दोनचारदा ओढलं. आत काहीच नव्हतं. त्याने क्षणभर थांबून, न रडता, पुन्हा ओढलं, आणि तसाच तोंडात धरून झोपी गेला.

"झोपला. पाळण्यात ठेवू का?" मेकॅनिकने हळूच विचारलं.

"असू दे," ती म्हणाली. "त्याला अजून कळलं नाहीये."