मिलच्या गावातलं मत

"तुमच्याच लोकांनी आमची कामं नेली," असं म्हणून म्हाताऱ्याने जाळीचं दार ओढून घेतलं.

सुजाता पायरीवरून हलली नाही. २००६ चा ऑक्टोबर होता. नॉर्थ कॅरोलिनातलं हे गाव टॉवेलांच्या मिलवर उभं राहिलेलं, आणि मिल केव्हाच बंद पडलेली. इथून अमेरिकन काँग्रेससाठी उभ्या असलेल्या व्हिटफील्डबाईंची पत्रकं घेऊन ती दारोदार फिरत होती.

"माझंही काम गेलं," ती जाळीतून म्हणाली. "पुण्याला. मी तिकडचीच आहे."

दार पुन्हा उघडलं. "थट्टा करताय?"

थट्टा नव्हती. कॅरी या जवळच्या शहरात ती राहायची; तिथल्याच एका विमा कंपनीत ती सॉफ्टवेअर तपासायची. टीमचं काम पुण्याला जाणार, आणि तिथल्या मुलांना तिनेच तयार करायचं, असं साहेबाने वसंतात सांगितलं. तिने फोनवरून, मराठीतच, सगळं शिकवलं. मुलं हुशार होती, 'ताई, ताई' करायची. त्यांच्यावर रागावताही येईना.

म्हातारा, रे हॉजेस, जन्मभर मिलमध्ये राबलेला. कापसाच्या धुळीने छाती गेलेली. त्याने तिला बसायला खुर्ची दिली.

"तुमच्या बाई मिल उघडणार?"

"नाही. पण नोकरी गेली तरी औषधपाण्याचा विमा काही काळ चालू राहावा, असा कायदा मागणार आहेत."

"मिल उघडेल म्हणाला असतात, तर हाकलून दिलं असतं," रे म्हणाला. "मतदानाला न्यायला याल? गाडी विकली मी."

घरी नवरा, रवी, वैतागला होता. "यार सुजाता, इंटरव्ह्यूची तयारी कर ना! तो तर आपला डिस्ट्रिक्टही नाही. तू तिथे व्होट पण करू शकत नाहीस."

"माहितेय. इंटरव्ह्यू पण देतेय मी. पण मी घरात बसून राहणार नाही, रवी."

मतदानाच्या दिवशी पाऊस होता. सकाळीच कॅरीत आपलं मत देऊन सुजाता मिलच्या गावी पोचली. रेला गाडीत घेऊन ती अग्निशमन केंद्रावर आली; मतदान तिथेच होतं, बाहेर रांग होती. कुणीतरी रेसाठी खुर्ची आणली, त्याने मानेनेच नको म्हटलं. खोकत, भिंतीला हात टेकत तो आत गेला. सुजाता बाहेर छत्रीखाली थांबली. तो बाहेर आला तेव्हा ओठ निळसर पडले होते.

"दिलं," एवढंच म्हणाला.

व्हिटफील्डबाई हरल्या, अगदी थोडक्यात. रवीने टीव्ही बंद केला आणि न विचारता तिच्यासाठी चहा टाकला.

शनिवारी ती प्रचाराच्या पाट्या गोळा करायला गेली. बाकीच्या कार्यकर्त्यांपैकी कुणीच आलं नव्हतं. रेच्या अंगणातल्या पाटीला तिने हात घातला.

"ती राहू दे."

"निवडणूक संपली, मिस्टर हॉजेस."

"अंगण माझं आहे."

मग त्याने कोट चढवला आणि तिच्याबरोबर निघाला. रस्ताभर सुजाता ओल्या मातीतून पाट्या उपटत गेली. रे दर दोन घरांपाशी दम खायला थांबे. तिने दिलेली प्रत्येक पाटी बाहीने पुसून, व्हिटफील्डबाईंचं नाव वर येईल अशी, तिच्या गाडीच्या डिकीत नीट रचून ठेवी.