सहावं टिंब

माझ्या भावाला, हरिओमला, अनुस्वाराचं वेड आहे. पाणी लिहायचं तर 'पांणी', हात लिहायचा तर 'हांत'. कुठं टिंब द्यायचं आणि कुठं नाही हे गुरुजी शिकवत होते, तेव्हा हा पठ्ठ्या बहुतेक दुसऱ्याच्या बागेत मोसंब्या तोडत होता. मी एकदा त्याला म्हटलं, "हऱ्या, टिंबं काय फुकट मिळून राह्यली का तुला?" तर म्हणतो कसा, "तुला टिंबंच वाचायची असतात ना ताई, मंग दोन जास्तीची घे."

मी टिंबंच वाचते, हे खरं. सातवीत माझे डोळे गेले आणि कॉलेजात कान. आता उजव्या कानाला तोंड लावून कुणी ओरडलं तर दोन-चार शब्द पोचतात. आई तसंच बोलते. हरिओमच्या तोंडात कायम तंबाखू, म्हणून त्याला मी कानाजवळ फिरकू देत नाही. तो माझ्या तळहातावर बोटानं अक्षरं काढतो. आणि लांब असला की मेसेज करतो. तो मेसेज माझ्या ब्रेल नोटटेकरवर उमटतो. वहीएवढं यंत्र, गळ्यात पट्ट्यानं अडकवलेलं. आई त्याला पाटी म्हणते, म्हणून मीही पाटीच म्हणते. लिहायला सहा बटणं आणि खाली वाचायची पट्टी. पट्टीत ओळीनं बारीक घरं, आणि प्रत्येक घरात टाचणीच्या डोक्याएवढी टिंबं. अक्षर असेल तशी काही वर उठतात, काही खाली राहतात. त्यांच्यावरून बोट फिरवलं की मी माणसांत असते. पाटी बंद असली की मी पोत्यात घालून तोंड शिवल्यासारखी.

त्या दिवशी सकाळी चिन्मयीचा मेसेज आला. ही माझी मैत्रीण, जालन्याला मस्तगडात राहते. 'लाट बघतेय, कधी येणार?' मी लिहिलं, 'जालन्यात समुद्र कधी आला गं?' तिनं नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं. मी म्हटलं, बाईसाहेब घाईत चुकीचं बटण दाबून बसल्या असतील, आणि तो विषय तिथंच सोडला.

आई बाजाराला कुंभार पिंपळगावला गेली होती. शेतात आम्ही दोघंच. विहिरीतली मोटार दोन दिवस बंद होती, कारण पाण्याजवळचा केबलचा जोड जळाला होता. लाईट दुपारी येते म्हणतात, पण दुपार म्हणजे नेमकी कधी, हे लाईटलाच विचारावं. लाईट यायच्या आत जोड मारून घ्यायचा, असं हरिओमनं ठरवलं. त्यानं मला पत्र्याच्या खोलीत, स्टार्टरच्या पेटीसमोर बसवलं आणि माझं बोट एका खटक्यावर नेऊन ठेवलं. हा खटका खाली दाबला की ऑटो चालू होतो. मग लाईट आली की मोटार आपोआप उठते. आल्याआल्या नाही, जरा दम खाऊन.

माझ्या हातावर त्यानं लिहिलं, 'मी जोड मारून राह्यलो. मी दांब म्हणलो की दांब. तवर हांत लावू नको.'

"फ्यूज काढून ठेव की," मी म्हटलं.

'फ्यूज कशाला? तू हायस ना.'

आणि टपली मारून गेला.

मला एकटीला बसवून ठेवणं म्हणजे मांजरीला दुधाची राखण सांगणं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण आई घरात फक्त माझ्यासाठी वापरते. थोडा वेळ कसाबसा काढला आणि मग लिहिलं, 'दाबू का?' बराच वेळ काही नाही. मग पाटी थरथरली. डावीकडच्या पहिल्या घरावर बोट ठेवलं. द. मग काना, मग अनुस्वार, मग ब.

'दांब.'

मला हसूच आलं. गडी विहिरीत उतरला, पण टिंबाची पिशवी बरोबर घेऊनच उतरला. मी खटका खाली दाबला आणि लिहिलं, 'दाबलं.'

त्या खोलीत पत्र्यामुळं मेसेज येतो, पण जायला कुरकुर करतो. पाटी सांगू लागली, 'गेला नाही.' पुन्हा पाठवला, पुन्हा तेच. बाहेर लिंबाखाली रेंज असते. खोलीपासून लिंबापर्यंत जमिनीवर पाईप टाकलेला आहे, आणि पुढं तोच विहिरीकडे जातो. त्याला चप्पल लावत लावत मी लिंबापर्यंत गेले. तिथून 'दाबलं' पुन्हा पाठवणार होते. स्वतःवर खूश होऊन मी खोडाला टेकले, तोच पाटी पुन्हा थरथरली.

'अजून थांब.'

मी बोट मागं नेलं. अजून. अजून थांब म्हणजे आधीही तो थांबच म्हणाला होता.

मागचा मेसेज पट्टीवर आणला. 'दांब.' ब्रेलमध्ये द आणि थ यांच्यात एकाच टिंबाचा फरक आहे. द ला सहावं टिंब, उजवीकडचं सगळ्यात खालचं, जोडलं की थ होतो. पहिल्या घरात त्या जागी मी नख घातलं. टिंब आत बसलं होतं, चिकट, मोसंबीच्या वाळलेल्या रसात. आदल्या दिवशी सोलता सोलता मीच वाचत होते. प्रत्येक मेसेज त्याच घरापासून सुरू होतो. चिन्मयीची लाट म्हणजे वाट होती. व चंही सहावंच टिंब गेलं होतं. आताचा 'थांब' ओळीच्या मध्यावर, धडधाकट घरात आला म्हणून पुरा उठला. कुणाही दुसऱ्याच्या मेसेजमध्ये 'दांब' वाचून मी थबकले असते. हरिओमच्या मेसेजमध्ये थबकायचं कारणच नव्हतं.

विहिरीतला माणूस मेसेज कधी बघेल याचा नेम नाही, म्हणून मी खोलीकडं पळाले. जोड उघडा, खाली पाणी, आणि ऑटो माझ्या हातानं चालू. लाईट आली की मधे माझा भाऊ. "हरिओम, वर ये! हात लावू नको!" मी ओरडत होते, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नाही, तो विहिरीपर्यंत गेला की ओठातच राहिला, कुणास ठाऊक. चप्पल निसटली. अनवाणी पाय पाईपला लावला तर पाईप गार, निपचित. मोटार उठली की हा पाईप अंग झटकतो. अजून झटकला नव्हता. व्हॉल्व्हला अडखळून मी तोंडावर पडले, पाटी छातीत रुतली. उठताना पाईपच हरवला. डावीकडं का उजवीकडं? मी गुडघ्यावर रांगत दोन्ही हातांनी माती चाचपत होते आणि मनात एकच वाक्य होतं, तू हायस ना, तू हायस ना.

पाईप सापडला. मग चौकट, मग भिंत, मग पेटी. पेटीवर हात टेकला. पेटी आतून गुणगुणत होती. लाईट आली होती.

ऑटो दम खात होता. बोटांना घाम आणि माती, खटका निसटला. पुन्हा धरला आणि वर केला. हात पेटीवरच ठेवून उभी राहिले. मोटार उठताना पेटीला आतून दणका बसतो. गुणगुण चालूच राहिली. दणका बसला नाही.

पण मी पडले होते तेव्हा? पाईप हरवला होता तेव्हा मोटार उठून बंद पडली असेल तर? मी दारात बसून पाईपला मिठी मारली आणि ढसाढसा रडले. विहिरीकडं जायची हिंमत नव्हती. आयुष्यात एवढी भ्यायले नव्हते, डोळे गेले तेव्हाही नाही.

पाटी थरथरली.

'लाईट आली. आतां दांब.'

जिवंत होता! आणि या वेळी शब्द खरा होता. 'दांब' दूरच्या चांगल्या घरांत होता; मी एकेक टिंब नखानं तपासलं. तरी माझा हात खटक्याकडं जाईना. मी लिहिलं, 'वर ये. हातावर लिही.' लगेच उत्तर आलं, 'लाईट जाईल, यडी का?' मी पुन्हा तेच पाठवलं.

तो आला तो पाय आपटतच. जमिनीतून कळलं मला. ओल्या, थंड बोटांनी माझा हात ओढून त्यानं लिहिलं, 'कांय झालं?'

मी सांगितलं. तुझा थांब मला दांब वाटला. मी दाबलं. लाईट आली तेव्हा खटका खाली होता.

त्याचं बोट तळहातावर तसंच थांबलं. त्यानं बहुतेक पडलेल्या चपलेकडं आणि माझ्या फुटलेल्या गुडघ्याकडं पाहिलं असावं, कारण खाली वाकून त्यानं गुडघ्यावरची माती झाडली. मग सावकाश, लहान पोराला गिरवायला देतात तसं, एकेक अक्षर काढलं. द. काना. ब. आणि सगळं झाल्यावर वर टिंब, जरा दाबूनच.

'दांब.'

"टिंब कशाला रे हऱ्या," मी म्हटलं, आणि आम्हा दोघांचंही हसणं की रडणं कळेना.

त्याचा हात मी सोडला नाही. उजव्या मुठीत त्याची ओली बोटं घट्ट धरली आणि डाव्या हातानं खटका खाली केला.