रद्दीतून परतलेली कादंबरी

मित्रांनो, मी एक जुनी रशियन कादंबरी आहे. मराठीत आले, छापले गेले आणि धरमपेठेतल्या एका छोट्या वाचनालयात राहिले.

माझ्यात एक मोठे अधिकारी आहेत. लेखक पानोपानी त्यांची स्तुती करतो. ‘साहेब इतके दयाळू, की कोणाची भेट परत करून त्याचे मन कधी दुखवीत नसत. दुष्काळात गावकऱ्यांनी धान्य मागितले, तेव्हा त्यांनी संयमावर दोन तास भाषण दिले आणि दमून भरपेट जेवले.’

पूर्वी वाचक मला वाचताना खुदकन हसायचे. मग वर्षानुवर्षे मला कोणी हात लावला नाही.

गेल्या महिन्यात वाचनालयाच्या समितीतले नानाजी मला घरी घेऊन गेले. ते निवृत्त हेडक्लार्क. दुसऱ्या दिवशी तावातावाने परत आले.

“लाचखोराची आरती ओवाळून राहिलं हे पुस्तक! रद्दीत टाका.”

“नानाजी, लेखक टोमणा मारून राहिला,” ग्रंथपाल प्रेमलताबाई म्हणाल्या.

“कुठी लिहिलं आहे टोमणा म्हणून?”

बाईंना समितीचे ऐकावे लागले. मी सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यात जाऊन पडले. रद्दीवाला दुपारी येणार होता. फार भीती वाटली हो! लगदा होण्यापेक्षाही, मी लाचखोरांची बाजू घेते असे समजून मला फेकले, याचे दुःख मोठे होते.

तेवढ्यात कॉलेजातली भैरवी नेमकी मलाच शोधत आली. बाईंनी सुतळी सोडली. नानाजी कुरकुरले, तशी भैरवी त्यांच्यासमोरच उभी राहिली. सत्काराच्या भाषणासारखा गंभीर आवाज काढून तिने साहेबांच्या स्तुतीचे पान वाचले.

ऐकता ऐकता नानाजींनी चष्मा काढला.

“आमचा साहेब बी असाच होता वं. संत्र्याची एक पेटी वापस नाही केली त्यानं. अन् त्याच्या निरोपाले मी हेच भाषण ठोकलं. अगदी मनापासून!”

मग ते असे हसले, की डोळ्यांत पाणी आले. त्यात थोडी लाजही होती. संध्याकाळी त्यांनी स्वतः खळ लावून माझी सुटलेली पाने चिकटवली. मी केवढा तरी मोकळा श्वास घेतला!

मित्रांनो, आम्हां जुन्या पुस्तकांची पाने जपून उलटा. आणि कुठे फारच गोड स्तुती दिसली, तर ते वाक्य एकदा मोठ्याने वाचून पाहा. हसू आले, तर मी तुम्हांला कळले.