अनामिकेचं माप

"बोट सैल सोड, माय. चावत नाई हे." रंजीताताईंचा तो मऊ आवाज अजून माझ्या पोलादात आहे.

मित्रांनो, मी एक जुना कॅलिपर आहे. दोन जबडे आणि केसाएवढा फरक दाखवणारी पट्टी, एवढंच माझं शरीर. चंद्रपूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत मी वर्षानुवर्षं तारा नि धातूच्या गोळ्या मोजल्या. मग तिथे संशोधन करणाऱ्या रंजीताताईंनी मला तेल लावून पिशवीत घेतलं आणि अहेरीकडच्या एका निवासी शाळेत नेलं. वयात येणाऱ्या मुलामुलींची तर्जनी आणि अनामिका मोजायची होती. मुलगा-मुलगी घडवणारी संप्रेरकं आईच्या पोटातच या बोटांवर काही खूण ठेवतात का, तिचा स्वभावाशी संबंध असतो का, हे ताईंना पाहायचं होतं.

करिश्मा पुढे आली. कबड्डीत चढाई करणारी धीट पोर. तिची अनामिका माझ्या जबड्यात तर्जनीपेक्षा लांब भरली.

"पोरांमध्ये असं जास्त दिसते," ताई सहज बोलून गेल्या.

"अबे, करिश्मा पोरगा होय!" मागून लच्छू ओरडला. "मिशी कवा फुटन बे तुले?"

सगळी रांग हसली. करिश्माही हसली. "चूप बसा रे," म्हणत ताईंनी पुढचा हात धरला.

नंतरचं मला तिच्या आईकडून, सोनीबाईंकडून, दवाखान्यात कळलं. उन्हाळ्यात तेंदूपानांचे पुडे करिश्माच बांधायची. सालीच्या दोरीची तिची गाठ कधी सुटत नसे. तीच गाठ तिनं आपल्या अनामिकेला मारली, बोट वाढायचं थांबावं म्हणून. हात ओढणीखाली लपवला. कोणाच्या लक्षात येईपर्यंत बोट काळं पडलं होतं. वरची दोन पेरं काढावी लागली.

ताई धावत आल्या तेव्हा सोनीबाईंनी आपला पंजा पसरला. "माह्यं बी बोट असंच लांब हाये, बाई. तिनं मलेच इचारलं असतं तं..." 

करिश्मानं पट्टी बांधलेला हात पुढे केला. "आता घ्या न माप, ताई. आता तं पोरगी आहो न मी?"

ताईंनी मला पिशवीतून काढलंच नाही. "तू तवाही पोरगीच होती, माय. त्या साऱ्या रांगेपुढं सांगीन मी. देवाशपथ."

मित्रांनो, मी माप खोटं दिलं नव्हतं. मात्र शेकडो हातांतून निघणारा अंदाज एका हाताला लावायचा नसतो, आणि त्या अंदाजावरही जाणत्यांचं अजून एकमत नाही. मला पुसा, गंज लागू देऊ नका. त्याआधी, मी ज्याला धरतो तो हात जपा.

ताई रोज अंघोळ करून अनामिकेनं देवाला गंध लावतात. आज गंधात बुडवलेलं ते बोट त्यांनी आधी तर्जनीशी लावून पाहिलं. मग गंध लावलं, दिवा लावला, मला रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवलं. उपास होता. कोणाला काही न सांगता त्यांनी चप्पल घातली आणि शाळेतली ती रांग गाठायला त्या अहेरीच्या एसटीकडे चालू लागल्या.