प्राप्तीने टाकलेली पोस्ट

“ती पोस्ट काढ गो आधी!” शेजारचा भागोजी तरातरा ओटीवर चढला. “सांजच्याला माज्या पोराची हलद, नि तू गावाला जुलाब लागले म्हनून जगाला सांगतंस?”

“गावाला न्हाय, काका. आमच्या बाबांना. टाकीचं पानी प्यायले नि...”

आत प्राप्तीचा सासरा नामा वांत्यांनी पिळवटून पडला होता. जन्मभर मिठागरात राबलेला म्हातारा. आता त्याच्याच ओठांवर मीठ धरलं होतं. गावच्या टाकीच्या पाण्याने आणखी कुणाला त्रास होतोय का, एवढंच तिने फेसबुकवर विचारलं होतं.

पोस्ट तिने काढली नाही. कुठल्या गावातून उलट्या, ताप असं लोक लिहितात, ते उरणच्या आरोग्य कार्यालयातला संगणक टिपून ठेवी. दुपारी तिथली जीप आली. नामाला दवाखान्यात नेलं, टाकीला कुलूप घातलं. संध्याकाळी भागोजीच्या मांडवात डीजे वाजत राहिला; पाहुणे फिरकले नाहीत. गावाने कुलूप तोडलं, आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून प्राप्तीला नि तिच्या नवऱ्याला, अल्पेशला, काढून टाकलं.

मयताची खबर गावात त्याच ग्रुपवर जाते. वाचली की माणसं हातातलं काम टाकून येतात. नामा दवाखान्यातच गेला, तेव्हा प्राप्तीने अनवाणी दारोदार जाऊन सांगितलं.

“फेसबुकवर टाक ना,” भागोजीची बायको ठमाबाई दारातूनच म्हणाली. “तिकडं तुजी लय मानसं हाईत.”

अल्पेशचे दोन ट्रेलरवाले दोस्त आले. चौथा खांदा शववाहिनीच्या ड्रायव्हरने दिला.

दहाव्याच्या आधीच कार्यालयातून दीक्षा मॅडमचा फोन आला.

“तुमच्या पोस्टमुळे आम्हाला वेळेवर कळलं हो, ताई. आता तुमच्या गावातून कुणाची एकही पोस्ट नाही. म्हणजे साथ आटोक्यात आली. का आहे अजून कुणी आजारी?”

भिंतीपलीकडे भागोजीची नवी सून पहाटेपासून ओकत होती. हिरव्या चुड्याचा आवाज मोरीपर्यंत जाई नि परत येई. मागून ठमाबाईचा दबका स्वर, “हलू गो पोरी, बाजूला ऐकू जाईल.”

प्राप्तीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“न्हाय, मॅडम,” ती म्हणाली. “सगले बरे हाईत.”

मग तिने नामाची धुतलेली गोधडी पिळली, दोन घरांमधल्या दोरीवर टाकली, आणि तिच्या टोकातून पाणी गळायचं थांबेपर्यंत तिथेच उभी राहिली.